पलंगाखालची खुडूक कोंबडी

दादाचा फोन आला तेव्हा मी एका नवरीच्या ब्लाउजला हुक लावत बसले होते. लग्नसराईच्या तोंडावर शिवणकाम करणाऱ्या बाईला भरदुपारी फोन करू नये, हे आमच्या दादाला उभ्या जन्मात कळायचं नाही. "माय रात्रभर अंग खाजवून राह्यली," तो म्हणाला. "डॉक्टरचं मलम लावून झालं. पलंगाच्या सांध्यात कढत पानी ओतलं, ढेकणाचं औषध मारलं. काहीच फरक नाई. तू येऊन पाह्य एक डाव."

"आणि वहिनी कशी आहे?" मी विचारलं.

"तिले काय होते? हाय की घरात."

हे उत्तर काही मला आवडलं नाही. हुक तसाच अर्धा सोडला, दुकानाचं शटर ओढलं आणि चिखलीच्या स्टँडवर जाऊन अमडापूरची जीप धरली. तिथून आमचं गाव जवळच आहे. दादा मोटरसायकल घेऊन फाट्यावर उभा होता. हरभरा काढून झालेला, गहू पिवळा पडलेला, आणि ऊन असं की डोक्यावरचा पदर तापत होता.

मागच्या पावसाळ्यात माय अंगणात घसरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. बुलढाण्याला ऑपरेशन झालं, आत सळई बसली, पण माय काही पुन्हा उभी राहिली नाही. उशा लावून बसवली की बसते, बाकी सगळं पलंगावर. तेव्हापासून तिचं न्हाणं-धुणं, वळवणं, भरवणं, सगळं माझी वहिनी करते. मी चिखलीला राहते, आठवड्या-पंधरवड्यातून येते, फळं आणते, गप्पा मारते आणि जाते. करणारी ती.

त्या दिवशी वहिनी दारात आली ती निम्मी होऊन. ही बाई अंगापिंडानं चांगली भरलेली. विहारात पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून वंदना म्हणायला उभी राहिली की तिचा आवाज सगळ्या बायकांच्या वर जायचा. आता गालांची हाडं दिसत होती. केसांचा नुसता गुंता, दंडावर खाजवून खाजवून ओरखडे. "या ताई," म्हणाली, आणि पाण्याचा तांब्या देताना दाराच्या चौकटीला हात टेकून उभी राहिली.

"वहिनी, चक्कर येते का तुला?"

"नाई वो. उन्हाचं होते जरासं."

"जरासं कसलं," पलंगावरून माय बोलली. "परवा नळापाशी पडली. त्याच्या आधी चुलीपाशी. मले वाटलं गेलीच."

दादा खाली मान घालून चप्पल काढत होता. फोनवर यातलं एक अक्षर त्यानं सांगितलं नव्हतं. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "तिले काय होते म्हणतोस? अरे, ही चुलीत पडली असती म्हणजे?"

"मी काय कमी करतो तिले?" तो पण उसळला. "दळण मी आनतो. किराणा मी आनतो. पान्याले जा लागू नये म्हनून नळ घरात घेतला. उंबऱ्याबाहीर पाय टाकाची गरज ठेवली नाई मी तिले!"

खोटं बोलत नव्हता बिचारा. आमचा दादा फटकळ आहे, पण बायकोवर जीव आहे त्याचा. पण मी मनातून घाबरले होते. ही बाई अशीच झिजत राहिली तर एक दिवस मायच्या आधी हिलाच उचलायची वेळ येईल, हे मला लख्ख दिसत होतं.

वहिनीचं माहेर लांब, जळगाव जामोदच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला. माय पडल्यापासून ती एकदाही तिकडे गेली नव्हती. तिच्या आईचा फोन यायचा, ही "येते, येते" म्हणायची. मी म्हटलं, "वहिनी, तू आठ-पंधरा दिवस माहेरी जा. मी दुकान बंद ठेवते, मी राहते इथं."

"मी गेल्यावर आत्याबाईले कोण पाह्यीन?"

"मी पाहीन ना! माझी आई आहे ती."

"तुमच्या हातचं खात नाई त्या."

आणि खरंच. आमची माय हेकट झाली होती. वहिनीनं भरवलं तरच तोंड उघडायचं, वहिनीनं वळवलं तरच कूस बदलायची. मी विचारलं तर सरळ म्हणाली, "तुह्या हातची भाकर जाड राह्यते. तुह्या वहिनीनं देल्ला घास उतरते." पोटच्या पोरीला तोंडावर असं म्हणायला काही वाटत नाही आमच्या मायला. विषय तिथंच संपला. दोघी एकमेकींना सोडायला तयार नाहीत, आणि मी आपली मध्ये उपरी.

मग म्हटलं, निदान हिचे केस तरी बघू. भाचीनं, दादाच्या पोरीनं, शाळेतून उवा आणल्या होत्या. वहिनीनं पोरीचं डोकं साफ केलं, स्वतःचं राहून गेलं. कधी करणार? मी तिला ओढत अंगणात नेलं, उन्हाकडे पाठ करून पायरीवर बसवलं आणि फणी घेतली. नणंदेनं भावजयीच्या उवा काढायच्या म्हणजे वहिनीला भलताच संकोच. "ऱ्हाऊ द्या ताई, कसं दिसते ते," म्हणत होती. म्हटलं, "मुकाट्यानं बस, नाहीतर सगळं डोकं भादरून टाकीन." तेव्हा हसली. तेल लावून बोटं फिरवायला लागले आणि पाच मिनिटांत तिची मान माझ्या गुडघ्यावर कलली. बसल्या बसल्या झोपली बाई! इतकी गाढ, की मी गुडघाही हलवला नाही.

आणि आतून मायची हाक आली, "कोठी गेली वं?"

वहिनी ताडकन उठली. डोळे अजून उघडले नव्हते, तरी पावलं घराकडे निघाली होती. मी तिचा हात धरून खाली बसवलं. आत ओरडून सांगितलं, "माय, जरा दम खा! येते ती!" तेवढ्यात माझं लक्ष तिच्या मानेवर गेलं. ब्लाउजच्या काठातून बारीक लाल किडे चालत होते, खसखशीएवढे. उवा नव्हेत, ढेकूण नव्हेत. मी एक बोटावर घेऊन चिरडला तर रक्ताचा ठिपका उमटला.

"वहिनी, तू झोपतेस कुठं?"

"आत्याबाईच्या पलंगापाशी, खाली. हाक आली का उठाले बरं."

मी घरात शिरले आणि पलंगाखाली वाकून पाहिलं. तिथं टोपलं होतं, आणि टोपल्यात मायची कोंबडी अंड्यांवर बसलेली.

आता या कोंबडीचं सांगायलाच हवं. मायनं आयुष्यभर कोंबड्या पाळल्या. ती पडल्यावर एकेक करून गेल्या, काही विकल्या, काही बोक्यानं नेल्या. ही एक ठिपक्यांची राहिली होती. ती खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसायचं म्हणून अडून बसली, तेव्हा मायनं हट्ट धरला की हिला माझ्या पलंगाखाली बसवा. बोक्याचं भ्या वाटते म्हणाली. वहिनीनं टोपल्यात भुसा घातला, अंड्यांवर कोळशानं रेघा ओढल्या, विजेच्या कडाक्यानं अंडी नासू नयेत म्हणून लोखंडाचा तुकडा ठेवला, सगळं माय सांगेल तसं. शिवाय कोंबडीला उठायचा त्रास नको म्हणून दाण्याची वाटी आणि पाण्याची वाटी टोपल्यातच, तिच्या चोचीपाशी. माय सकाळ-संध्याकाळ विचारायची, "बसली हाय ना? उठली तर नाई?" वहिनी वाकून बघायची आणि म्हणायची, "बसली हाय आत्याबाई, हललीबी नाई." मायला एवढं ऐकलं की बरं वाटायचं. पलंगाला खिळल्यापासून तिच्या मालकीचं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं.

मी टोपलं बाहेर ओढलं आणि हात मागे घेतला. टोपल्याच्या काठावर, कामट्यांच्या फटीत, नुसती लाल रांग लागलेली. मनगटावर चढले माझ्या. कोंबडीनं एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं, चोच मारायचीही ताकद नव्हती तिच्यात.

"दाखव मले," माय म्हणाली. "इकडं आन. तिचा तुरा पाहू दे."

मी कोंबडी उचलून तिच्या समोर धरली. हाताला वजनच लागेना. एरवी लालबुंद असायचा तो तुरा पांढुरका पडून एका बाजूला लोंबत होता. मायनं तिच्या पोटाखालची पिसं दोन बोटांनी फाकली, आत नुसतं वळवळत होतं. मायनं पिसं पुन्हा नीट बसवली. मग म्हणाली, "हिचं रक्त पेऊन राह्यले हे. अन मंग आपलं."

"अचानक एवढे आले कुठून?" दादानं विचारलं.

"येतीन कुठून? राह्यतेतच थे. पन खुडूक कोंबडी दिसातून एक डाव खाली उतरते. दाना खाते, पानी पेते, अन मंग राखेत लोळते. लोळली का अंगावरचे झडून जातेत. मी तिले उतरूच नाई देलं. सारं तिच्या तोंडापाशी आनून ठेवलं. तिले काऊन उतरा लागीन?" मायनं कोंबडीच्या पाठीवरून बोट फिरवलं. "मले वाटलं मी तिले जपून राह्यली."

दादानं डोकं खाजवलं. "मोरीच्या पान्यावरच्या वांग्याचंबी असंच झालं," तो म्हणाला. "शेतातल्या वांग्याले काही नाई. त्याले रोज पानी, वरून युरिया, कसं लुसलुशीत आलं होतं! माव्याची कीड त्याच्यावरच पडली आधी."

"तुहं वांगं ठेव तठी," माय म्हणाली. "मले बाहीर घ्या."

मग घरात एकच धांदल उडाली. दादानं शेजारच्या दोघांना हाक मारली आणि पलंग मायसकट उचलून अंगणात, कडुनिंबाखाली आणला. किती महिन्यांनी माय आभाळाखाली आली होती, पण तिचं ध्यान तिकडे नव्हतं. "अंडी थंडी होतीन! अंडी!" असा तिचा जीव वरखाली. वहिनीनं एकेक अंडं कोरड्या फडक्यानं पुसलं. पण ठेवायचं कुठं? नवं टोपलं आणेपर्यंत, कोंबडी लोळून येईपर्यंत? माय म्हणाली, "मह्यापाशी द्या."

तिनं अंगावरची धुतलेली गोधडी वर केली. वहिनीनं अंडी तिच्या पोटाशी, कुशीत, एकेक करून लावली आणि वरून गोधडी झाकली. माय श्वाससुद्धा जपून घेत होती. इतके महिने ती नुसती पडून होती, तिच्याकडून कुणाला काही काम नव्हतं. आता तिच्या तोंडावर जो काही भाव होता तो पाहून मला हसूही आलं आणि रडूही.

कोंबडीला मी चुलीच्या राखेच्या ढिगापाशी सोडलं. आधी नुसती उभी राहिली, पायात जोर नव्हता. परत फिरून घराकडे, जिथं टोपलं असायचं तिकडे निघाली. मी अडवलं. पुन्हा निघाली, पुन्हा अडवलं. मग तिला राखेचा वास लागला की काय, एक पाय उकरला, दुसरा उकरला, आणि धपकन कुशीवर पडली. मग काय विचारता! पंख पसरून, मान राखेत घासून, पाय झाडून अशी लोळली की राखेचा लोट उठला. आम्ही सगळे, मायसकट, तिच्याकडे बघत होतो. किती दिवसांचं राहिलं होतं तिचं.

दादानं जुनं टोपलं भुशासकट पेटवून दिलं. मी पलंगाखालची जमीन रॉकेलानं पुसली, भिंतीच्या फटीत चुना भरला. सगळी अंथरुणं उन्हात पडली. वहिनी कपडे उकळत्या पाण्यात घालत होती. डोकं अर्धंच विंचरलेलं, एका बाजूचे केस मोकळे, दुसऱ्या बाजूला गुंता. पातेलं उचलताना ती पुन्हा थांबली आणि डोळे मिटून भिंतीला टेकली.

मायनं ते पाहिलं. गोधडीखालचे हात हलवता येत नव्हते, म्हणून तिनं नुसत्या हनुवटीनं वहिनीकडे दाखवलं आणि दादाला म्हणाली, "अन हिले रे? हिले कोन उतरवते?"

दादाला काही कळेना. "कोठून उतरवाचं?"

"तू म्हंते ना, उंबऱ्याबाहीर जाची गरज ठेवली नाई म्हनून? दळण घरी, किराणा घरी, पानी घरी. गिरणीवर जाये तं चार बाया भेटत होत्या तिले. पौर्णिमेले विहारात जाये. आपन सारं तिच्या तोंडापाशी आनून ठेवलं, अन मी हाका मारून मारून तिले बसवून ठेवलं. पाह्य तिच्या तोंडाकडं. कोंबडीपेक्षा पांढरी झाली थे."

दादानं जाऊन ते पातेलं उचललं. वहिनी पदर तोंडाला लावून म्हणाली, "असं काऊन बोलता आत्याबाई? मले कोणी बसवलं नाई. मीच बसली."

"थे कोंबडीबी स्वतःच बसली होती," माय म्हणाली.

मग मायनं फर्मान सोडलं: वहिनीनं न्हाऊन घ्यायचं, माझ्याकडून पूर्ण डोकं साफ करून घ्यायचं आणि उद्याच्या गाडीनं माहेरी जायचं. वहिनी नाही नाही म्हणत राहिली. घास कोण भरवेल, औषधं कोण देईल, पाठीला तेल कोण लावेल, रात्री कोण उठेल. माय म्हणाली, "हे आली ना माही पोरगी. भाकर जाड करते, पन हात तं हायेत तिले." आणि माझ्याकडे वळून, "आन व पोरी, भरव मले. हिच्या समोर भरव."

मी भाकरी दुधात कुस्करून तिला घास दिला. मायनं तोंड वाकडं केलं, पण गिळला. दुसरा दिला, तोही गिळला. गोधडीखाली अंडी, त्यामुळे हलायची सोय नाही, आणि समोर वहिनी डोळे पुसत बसलेली. मायनं सगळी वाटी संपवली. मला पक्कं माहीत होतं की एकही घास तिला गोड लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशी वहिनी भाचीला माझ्यापाशी ठेवून निघाली खरी, पण पाय निघेल तर शपथ. अंगणातून परत आली, गोळ्यांचा डबा दाखवला. फाटकातून परत आली, माय कुठल्या कुशीवर झोपते ते सांगितलं. मोटरसायकलवर बसली आणि पुन्हा उतरली. तेव्हा माय पलंगावरून खेकसली, "जाते का आता, का येऊ मी उठून?" उठता येत नाही त्या बाईची ही धमकी! आम्ही सगळे हसलो. वहिनी मायच्या पाया पडली, मायनं तिच्या ओल्या केसांवरून हात फिरवला, आणि दादा तिला एसटीवर घेऊन गेला.

पुढचे दिवस आमच्या नाकी नऊ आले. माझ्या भाकरी मायला चालत नव्हत्या आणि दादाच्या तर कुत्र्यालाही नव्हत्या. मायला कुशीवर वळवायचं म्हणजे दोघांना घाम फुटायचा. वहिनी एकटी हे कसं करत होती, कुणास ठाऊक. मायच्या अंगाची खाज मात्र हळूहळू गेली. पलंग अंगणात, निंबाच्या सावलीतच राहिला. रोज ऊन कलायला लागलं की कोंबडीला राखेत सोडायचं आणि तेवढा वेळ माय अंडी पोटाशी घ्यायची. त्या वेळेला गल्लीतल्या बायका मुद्दाम यायच्या. "काय म्हातारे, अजून उतरली नाई का पिलं?" म्हणून चिडवायच्या. माय म्हणायची, "हळू बोला व, झोपले हायेत." दिवसातून दहा वेळा वहिनीला हाक मारायला तोंड उघडायची आणि मिटायची. ते मी पाहत होते.

तुरा पुन्हा लाल व्हायला लागला होता. एका दुपारी कोंबडी राखेत होती आणि मायनं मला हाक मारली, इतक्या हळू की मला वाटलं तिला काही झालं. गोधडी वर केली तर एका अंड्याला तडा गेलेला, आतून टकटक चाललेली. आम्ही दोघी बघत राहिलो. ओलं, मळकट, केविलवाणं पिल्लू मायच्या पोटावर बाहेर पडलं. सगळ्या अंड्यांतून पिल्लं काही उतरली नाहीत, थोडी नासली होतीच. पण पहिलं पिल्लू मायच्या अंगावर जन्मलं.

"फोन लाव," माय म्हणाली. "आधी तिले सांग."

मी वहिनीला फोन लावला आणि पिल्लाच्या चोचीपाशी धरला. चिवचिव ऐकून वहिनी तिकडे हसायला लागली. किती महिन्यांत मी तिचं असं मोठ्यानं हसणं ऐकलं नव्हतं. मागे बायकांचे आवाज येत होते, कुणीतरी तिला जेवायला बोलवत होतं. मग ती एकदम म्हणाली, "आत्याबाई, मी उद्याच्या गाडीनं येऊ का? माह्यावाचून अडत असीन ना तुमचं?"

मायनं पिल्लू तळहातावर घेतलं होतं. तिनं एका बोटानं त्याचं ओलं डोकं पुसलं.

"लय अडते," ती म्हणाली. "पोरीच्या हातचा घास उतरत नाई. पोरगं मले पोत्यावानी उचलते. दिवसभर तुह्यं नाव तोंडात येते, गिळून टाकते. खोटं काऊन बोलू? लय अडून राह्यलं तुह्यावाचून." मग आवाज चढवून म्हणाली, "तरी येऊ नको. खबरदार आली तं. आईच्या हातचं खाय, उन्हात बस, झोप पोटभर. अजून आठ दिस तोंड दाखवू नको मले."

एवढं बोलून मायनं फोन माझ्या हातात दिला आणि पिल्लाला छातीशी धरून रडायला लागली.